जाऊबाईंचं म्हणून होऊ दे

ये गं, अशी जवळ बस. तो मोबाइल पालथा घाल आणि माझ्याकडं बघ. तू पुण्यात आहेस, हे मला काय ठाऊक नाही का? पण लिहिताना मी तुला इथं ओट्यावर बसवूनच लिहिते, नाहीतर माझा हात चालत नाही.

थोडं रागवायचं आहे तुला. परवा फोनवर रडलीस त्याचं नाही. रडू यायचंच, मुलाखत बिघडली म्हणल्यावर. पण तू म्हणालीस, "आजी, मला बोलताच येत नाही," ते मला पटलं नाही. पोरी, तू लहान असताना एस.टी.त बसल्यापासून जिंतूर येईपर्यंत तुझं तोंड बंद नसायचं. एकदा कंडक्टरनंच तुला विचारलं होतं, "बाळा, तुला दम लागत न्हाई का?" आणि आता टेबलापलीकडं चार माणसं बसली तर तुझं सगळं उत्तर म्हणे त्यांचा प्रश्न संपायच्या आतच संपलं. काय बोलले तेच आठवत नाही, म्हणालीस. वरून मला विचारलंस, "तू त्या रस्त्याच्या मीटिंगमध्ये बोलली होतीस, तुला भीती वाटली नव्हती का?"

ती गोष्ट तुला तुझ्या आईनं सांगितली आहे. तुझी आई ती हसायची गोष्ट म्हणून सांगते, पाहुणे आले की सांगते. तू तेव्हा परभणीला हॉस्टेलात होतीस, त्यामुळं तुला तेवढीच माहीत. हसायची तर ती होतीच. पण मी आत उभी होते, मला ती दुसऱ्या बाजूनं दिसली. ती बाजू सांगते.

आपल्या घरासमोरचा रस्ता जुना कसा होता, आठव. जिंतूरहून देवगाव फाट्याकडं जाणारा साधा डांबरी रस्ता. या अंगाला आपली वस्ती आणि विहार, त्या अंगाला गाव, शाळा, बसथांबा आणि पाठीमागं गायरान. दिवसातून कितीदा आपण या अंगाचे त्या अंगाला जायचो, त्याचा कुणी विचारही करत नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जावं तसं जायचो. मग रस्ता रुंद करायचं काम आलं. डंपर आले, रोलर आले, आपल्या दारातली बाभळ गेली. आणि एक दिवस कळलं की रस्त्याच्या मधोमध सिमेंटचा दुभाजक येणार, कमरेएवढा. मधून वळायला, ओलांडायला जी मोकळी जागा सोडतात, तिला इकडं सगळे कट म्हणतात. तो कट म्हणे आपल्यासमोर नाही. तो तिकडं लांब, पेट्रोल पंपापाशी.

आता यात जाऊबाईंचं काय, ते सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाईंना उजव्या कानानं कधीचंच ऐकू येत नाही. कसला तरी ताप आला होता, तेव्हापासून. डावा कान चालायचा, पण तोही मनात आलं तर. त्यांना बहिरं म्हणलेलं आवडत नाही. "लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात," असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी त्या शेळ्या घेऊन रस्ता ओलांडून गायरानात जायच्या. काम सुरू झाल्यावर गाड्या जोरात यायला लागल्या. एकदा एका ट्रकवाल्यानं अगदी त्यांच्याजवळ येऊन ब्रेक मारला. खिडकीतून डोकं काढून तो बराच वेळ बोलला. मी दारातून धावत गेले तर या शेळ्या मोजत उभ्या.

"बाई, काय म्हणला तो?" मी विचारलं.

"शिव्या द्यायला असंल," जाऊबाई म्हणल्या. "त्याचा दम वाया गेला बिचाऱ्याचा."

त्या हसल्या. मला त्या दिवशी हसू आलं नाही. आता मधी दुभाजक झाला तर ही बाई पंपापर्यंत जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. ती शेळ्यांना उचलून पलीकडं ठेवील आणि स्वतः वर चढून, पाय लांब करून उतरेल, आणि उतरताना मागून येणारं तिला ऐकू येणार नाही. शाळेतली लेकरंही तेच करणार, पण लेकरांना निदान हॉर्न ऐकू येतो. मला रात्रंदिवस जाऊबाईच डोळ्यापुढं दिसायच्या.

म्हणून मी पहिल्यांदा साहेबाकडं गेले. रस्त्याचे साहेब म्हणजे एक तरुण माणूस, डोक्यावर पिवळी टोपी, रस्त्याच्या कडेला कागद पसरून उभा असायचा. मी पदर खोचला आणि गेले. बोलायला तोंड उघडलं आणि एका दमात सगळं बोलले.

"साहेब, तुमी मधी भिंत घालायलात म्हणं, मग आमच्या लेकरांनी शाळंला कसं जायचं, आन् आमच्या जाऊबाईला ऐकू येत न्हाई, त्यांच्या शेळ्या हायेत, आन् ही धूळ तर बघा, वाळवण सगळं खराब झालं, आन् त्या दिवशी ट्रकवाल्यानं तर असा ब्रेक मारला, आन् आमच्या दारातली बाभळ…"

"हो हो मावशी," साहेब म्हणाला, "धुळीचं बघतो मी."

आणि त्यानं बघितलं, बरं का. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाण्याचा टँकर आला आणि आपल्या दारासमोर पाणी मारून गेला. रोज यायला लागला. बायका खूश झाल्या. जाऊबाई ओट्यावर बसून टँकरकडं बघत होत्या.

"हे पाणी कुणी मारायला लावलं?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हणलं.

"तू तर कटाचं सांगाय गेली व्हतीस."

"धुळीचं पण सांगितलं."

"अजून काय काय सांगितलंस? वांग्याचा भाव सांगितला का?"

त्यांचं बरोबर होतं. मी जे सांगितलं त्यातलं जे त्याला करता येण्यासारखं होतं, सोपं होतं, ते त्यानं उचललं आणि केलं. माणूस म्हणून त्याची काही चूक नाही. दहा गोष्टींच्या ढिगातून कुणीही वरची हलकी उचलतो.

मग दवंडी आली, म्हणजे आता व्हॉट्सॲपवर येते ती, की शाळेच्या वऱ्हांड्यात बैठक आहे, रस्त्याचे साहेब येणार, ज्याला काही म्हणायचं त्यानं म्हणावं. आपल्या वस्तीतल्या बायका विहारात जमल्या. आपल्याकडून कुणी बोलायचं, यावर थोडी चर्चा झाली आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तुमी बुद्धवंदना घेता की दर रविवारी. उभं राहून बोलायची सवय हाय तुमाला," एक जण म्हणाली.

"ती पाठ असती," मी म्हणलं. "त्यात माझं काय हाय?"

"मग हे पण पाठ करा," तुझी आई म्हणाली. तिनं त्याच दिवशी वहीचं पान फाडून भाषण लिहिलं. सुरुवात होती, आदरणीय व्यासपीठ. मी विचारलं, वऱ्हांड्यात व्यासपीठ कुठून येणार? ती म्हणाली, अशीच सुरुवात करतात. तुझ्या आईचा उत्साह मोडवेना, म्हणून मी पाठ करायला बसले. भाकरी थापताना म्हणायचे, शेणगोठा करताना म्हणायचे. अक्षरं मी तुझ्या बापाच्या पुस्तकांवरून शिकले, तो पाठ करायचा तेव्हा शेजारी बसून माझंही व्हायचं. पाठांतराची मला भीती नाही. पण हे पाठ होईना. वाक्यं माझी नव्हती ना. 'सदर प्रकरणी आमची आग्रहाची मागणी' म्हणताना माझी भाकरी तव्यावर काळी झाली.

जाऊबाई चुलीजवळ बसल्या होत्या. माझे ओठ हलताना बघून म्हणाल्या, "कुणाशी भांडायलीस?"

मी त्यांच्याकडं तोंड केलं आणि सावकाश म्हणलं, "भाषण पाठ करायलेय. साहेबापुढं बोलायचं हाय."

"त्याला ऐकू येत न्हाई का?"

"येतं की."

"मग पाठ कशाला? मला येवढं कमी ऐकू येतं, तरी तुजं सगळं कळतं मला. त्याला तर दोन कान हायेत."

एवढं बोलून त्यांनी काळी भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

आता हे नीट ऐक, कारण तुझ्या मुलाखतीचं जे काही असेल ते यातच आहे. जाऊबाईंशी बोलायची एक रीत आहे. मी ती कुठं शिकले नाही, एका घरात राहून पडली. त्यांच्यासमोर यायचं, पाठमोरं बोलायचं नाही. आवाज चढवायचा नाही. चढवला तर त्यांना राग येतो, "ओरडायलीस कामून, मी काय शिवारात हाय का," म्हणतात, आणि कळत तर काहीच नाही. ओरडलेला शब्द फाटतो. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांना म्हणायचे, तेल संपलंय, दुकानातून आणा आणि संध्याकाळी पाहुणे यायलेत. त्या दारात जाऊन पाहुण्यांची वाट बघत बसायच्या. तेल कुणीच आणलेलं नसायचं. एक सांगायचं, मग थांबायचं. त्यांच्या डोळ्यांत ते उतरलेलं दिसतं. ते दिसलं की दुसरं सांगायचं.

आणि वंदनेचंही तसंच. आपल्या विहारात बऱ्याच जणींना पूर्वी पाठ नव्हतं, म्हणून एकीनं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची, अशी पद्धत पडली ती पडलीच. मी पहिल्यांदा वंदना घेतली तेव्हा इतकी घाईघाईत घेतली की मागच्यांचं म्हणून व्हायच्या आत माझी पुढची ओळ सुरू. सगळ्या बायका माझ्यामागं फरपटत आल्या, अर्धी ओळ सोडून पुढच्या ओळीवर उड्या मारत. जाऊबाई मात्र पुढं बसून, हात जोडून, आपली ओळ आपल्या गतीनं पुरी करत होत्या. विहारात सगळे पुढच्या ओळीवर आणि मधूनच त्यांचा एकटीचा आवाज मागच्या ओळीचा शेवट म्हणतोय. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मलाच वाटलं. तेव्हापासून मी ओळ म्हणते आणि जाऊबाईंचं म्हणून होईपर्यंत थांबते. त्यांचं झालं म्हणजे सगळ्यांचं झालं. त्या थांबण्यात मला आधी अवघडल्यासारखं व्हायचं, सगळे माझ्याकडंच बघायलेत असं वाटायचं. पुढं कळलं की त्या वेळात कुणी माझ्याकडं बघत नाही. त्या आपापल्या ओळीत असतात. मला श्वास घ्यायला तेवढीच जागा मिळते.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी बैठकीला तुझ्या आईचं पान पदराला बांधूनच गेले. माणसाचं असंच असतं.

शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल होतं, त्यावर कुणीतरी कापड टाकलं होतं, पाण्याच्या बाटल्या होत्या. साहेब मधोमध, बाजूला सरपंच. पुरुष खुर्च्यांवर आणि कठड्यावर. आपल्या बायका सतरंजीवर, जाऊबाई सगळ्यांत पुढं, कान चालतो त्या बाजूनं. सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण बाहेर सगळ्यांनी मिळून जायचं म्हणलं की आपल्या बायकांचा हात त्याच साडीकडं जातो.

माझ्या आधी गावातला एक पुढारी बोलला. टेबलावर हात आपटून बोलला. रस्ता होऊ देणार नाही, मशीन अडवू, असं बरंच. आवाज चांगला होता त्याचा. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. मी साहेबाकडं बघत होते. तो टेबलाखाली मोबाइल बघत होता. ओरडणारे त्याला गावोगाव भेटत असणार. पावसात छत्री उघडावी तसा तो मोबाइल उघडून बसला होता.

मग सरपंच म्हणाले, "वस्तीच्या वतीनं काकू बोलणार आहेत. काकू, थोडक्यात बरं का. साहेबांना पुढं जायचंय."

मी उभी राहिले. तुला विचारायचं होतं ना भीतीचं? घे. घशाला कोरड पडली. सतरंजी हलायली असं वाटलं. सतरंजी कशाला हलेल, माझेच पाय हलत होते. बाटली समोर होती, पण हात पुढं केला असता तर हात थरथरताना सगळ्यांनी बघितलं असतं, म्हणून तशीच उभी. पानातला एकच शब्द आठवत होता, आदरणीय. त्याच्यापुढं सगळं पांढरं. मी तुझ्या आईकडं बघितलं, तर ती ओठ हलवून मला पुढचं सांगायला लागली. त्यानं तर होतं तेवढंही गेलं.

तिथून माझी नजर जाऊबाईंवर पडली. त्या मान वर करून माझ्याकडं बघत होत्या. रविवारी बघतात अगदी तशाच. चेहऱ्यावर काळजी नाही, काही नाही. आता ही ओळ म्हणेल आणि मग आपण म्हणायची, एवढंच. त्या तोंडाकडं बघून मला साहेब दिसायचा बंद झाला. मी जाऊबाईंना सांगायला लागले. सावकाश, समोर बघून.

"आमची वस्ती रस्त्याच्या या अंगाला हाय."

आणि सवयीनं थांबले. त्यांच्या डोळ्यांत उतरावं म्हणून थांबले.

जाऊबाईंनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणल्या, "आमची वस्ती रस्त्याच्या या अंगाला हाय."

मग मागून दोघीतिघींनी म्हणलं. मग सगळ्यांनी. पांढऱ्या साड्यांतल्या सगळ्या बायका, एका सुरात, वंदनेच्या चालीत, शेवट थोडा लांबवून. आमची वस्ती रस्त्याच्या या अंगाला हाय.

कठड्यावरचे पुरुष हसायला लागले. एक जण खाली वाकला इतका हसला. सरपंच म्हणाले, "अहो बायांनो, ही बैठक हाय, वंदना न्हाई." बायकांना तेव्हा कुठं कळलं आपण काय केलं ते. दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. तुझ्या आईनं कपाळावर हात मारला. ती सांगते ती गोष्ट इथंच संपते.

पण मी उभी होते ना. माझे कान गरम झाले होते, हे खरं. तरी एक गंमत झाली. फजिती व्हायची ती झाली होती, आणि ती एकटीची नव्हती, सगळ्यांची मिळून झाली होती. जिची भीती होती ती येऊन गेली आणि मी अजून उभीच होते. पाय हलायचे थांबले होते. श्वास खाली उतरला होता, कारण त्या सगळ्या म्हणत होत्या तेवढा वेळ मला बोलायचंच नव्हतं. आणि जाऊबाई अजून तशाच बघत होत्या. हसणं त्यांना ऐकू आलं नव्हतं. त्या पुढच्या ओळीची वाट बघत होत्या.

"शाळा त्या अंगाला हाय," मी म्हणलं. आणि थांबले.

"शाळा त्या अंगाला हाय," जाऊबाई म्हणल्या. या वेळी बायका जरा चाचरल्या, एकमेकींकडं बघितलं, आणि मग म्हणल्या. हसणाऱ्यांना सुरुवातीला हसू आलं, पण वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ते आपोआप विरलं.

"मधी भिंत आली तर आमी पलीकडं कसं जायचं?"

हेही त्यांनी म्हणलं. साहेबानं मोबाइल टेबलावर पालथा घातला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि चांगल्या आवाजात विचारलं, "मावशी, पंपापाशी कट ठेवला आहे ना. तिथून वळून जायचं. थोडं लांब पडेल, पण सुरक्षित आहे."

याचं उत्तर माझ्याकडं तयार नव्हतं. तुझ्या आईच्या पानातही नव्हतं. पूर्वीची मी असते तर लगेच काहीतरी बोलले असते, धुळीवर गेले असते, बाभळीवर गेले असते. पण जाऊबाईंनी भुवया वर केल्या. काय म्हणतात ते त्यांना कळलं नव्हतं. म्हणून मी आधी त्यांना सांगितलं.

"बाई, साहेब म्हणायलेत, पंपापाशी जाऊन तिथून वलांडा."

जाऊबाईंनी विचार केला. घाई त्यांना कधीच नसते. मग म्हणल्या, "मी जाईन की. शेळ्या न्हाई जायच्या."

सगळे हसले. साहेबही हसला. आणि त्या हसण्यात मला माझं उत्तर सापडलं, ते मी हुशार होते म्हणून नाही. त्यांना साहेबाचा प्रश्न समजावून सांगताना तो मलाही पहिल्यांदाच नीट समजला.

मी आता साहेबाकडं वळले. त्यालाही जाऊबाईंना सांगते तसंच सांगितलं, समोर बघून, आवाज न चढवता.

"साहेब, लेकरं पण न्हाई जायची तेवढ्या लांब. ती भिंतीवरूनच चढून जातील."

आणि थांबले.

हे वाक्य कुणी म्हणलं नाही. जाऊबाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं, त्यांना ते कळलं होतं, आणि त्यांनी जोडलेले हात मांडीवर ठेवले. मागून आवाज नाही. कुठली आई ते आपल्या तोंडानं म्हणेल? बाहेर रोलर चालला होता, त्याचा आवाज तेवढा. मी ते थांबणं मोडलं नाही. मोडावंसं वाटत होतं, काहीतरी गोड बोलून त्याच्यावर पांघरूण घालावंसं वाटत होतं. नाही घातलं.

साहेबानं टोपी काढून टेबलावर ठेवली. "मावशी, कट द्यायचं माझ्या एकट्याच्या हातात नाही," तो म्हणाला. "वर विचारावं लागतं. पण तुमचं नेमकं मागणं काय आहे ते एकदा सांगा. एकच सांगा."

"शाळेसमोर वलांडायला मोकळी जागा पायजे, आन् तिथं गाड्या हळू झाल्या पायजेत," मी म्हणलं.

"ही दोन झाली," सरपंच हळूच म्हणाले.

"एकाशिवाय एकाचा उपयोग न्हाई," मी म्हणलं, आणि खाली बसले. बसल्यावर मात्र हात असे थरथरले की बाटलीचं झाकण जाऊबाईंनी उघडून दिलं.

त्यानंतर बरेच महिने काहीच झालं नाही. मग दुभाजक बांधत बांधत मजूर आपल्यासमोर आले. शाळेसमोर त्यांनी जागा सोडली नाही. थोडं अलीकडं, बसथांब्यापाशी सोडली. रस्त्यावर पांढरे पट्टे मारले आणि दोन्ही बाजूंना असे उंचवटे केले की गाडीतल्या माणसाचे दात वाजतात. आमच्या बोलण्यानं झालं का? मला ठाऊक नाही. त्या पुढाऱ्यानं सगळीकडं सांगितलं की त्याच्यामुळं झालं. सरपंचांनी पेढे वाटले. कदाचित साहेबाच्या कागदात आधीच काही असेल. मी त्यात पडत नाही. टँकर मी आणला होता, एवढं मात्र कुणी नाकारत नाही.

आता तू म्हणशील, आजी, मुलाखतीत माझ्यामागं ओळ म्हणायला कोण बसणार आहे? कुणी नाही बसणार. पण तू एक वाक्य म्हण आणि तेवढ्या वेळापुरती थांब, जणू कुणीतरी ते मागून म्हणतंय. समोरच्या माणसाला ते आत घ्यायला तेवढा वेळ लागतोच. तो गप्प बसला की तू समजतेस तो नाराज झाला, आणि ती जागा भरायला धावतेस. तो म्हणायला लागलेला असतो गं, मनातल्या मनात. त्याचं म्हणून होऊ दे. प्रश्न कळला नसेल तर तो स्वतःला सांग, जाऊबाईंना सांगितल्यासारखा. आणि भीती जाईल याची वाट बघू नकोस. माझी गेली नव्हती, बसल्यावर कशी बाहेर पडली ते सांगितलंच. मी तिला तेवढ्या वेळापुरतं बाजूला बसवलं होतं, सतरंजीवर, बाकीच्यांबरोबर.

धीट होते म्हणून मी बोलू शकले, असं तुझ्या आईला वाटतं. तसं नव्हतं. मला फक्त ठाऊक होतं की मी कुणासाठी उभी आहे, आणि ती समोर बसलेली दिसत होती. तुलाही कुणीतरी लागेल तसं. नोकरी तुला कशासाठी पाहिजे, तो चेहरा आधी ठरव आणि बरोबर घेऊन जा. मी तर तयारच आहे, पण माझ्यापेक्षा जाऊबाईंना ने. त्यांना कशाचीच घाई नाही.

त्या बऱ्या आहेत. डावा कानही आता नावालाच राहिला. आता मी ओळ म्हणली की त्या माझ्या ओठांवरून ओळखतात, आणि अजूनही सगळ्यांच्या शेवटी संपवतात. सकाळी शेळ्या घेऊन कटापाशी उभ्या राहतात. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. गाडीवालेही आता ओळखायला लागलेत. एक ट्रकवाला तर हात करतो. याही हात करतात.

परवा मी त्यांना तुझ्या मुलाखतीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पोरगी जेवती का नीट?" मी म्हणलं, तिला बोलताना भीती वाटती. त्या म्हणल्या, "मग तिला म्हणावं, हिकडं ये आन् माज्याशी बोल. मला कळंस्तोवर बोल. मग तिथं जाऊन बोल."

तर चार दिवस काढ. पुढच्या मुलाखतीच्या आधी काढ, नंतर नको. देवगाव फाट्याहून बस मिळते, तुला ठाऊक आहे. बसथांब्यावर उतरलीस की घाई करू नकोस. सकाळची आलीस तर जाऊबाई पलीकडं, आपल्या अंगाला, शेळ्यांमध्ये उभ्या असतील, तुला हाक मारायचा उपयोग नाही. दोन्हीकडं बघून कटातून ये, त्यांच्यासमोर उभी राहा, आणि सावकाश सांग, मी आलेय. त्यांच्या डोळ्यांत ते दिसेपर्यंत थांब. मी दारात बसलेली असेन. लवकर ये.